फाटकी नोट कुणाला द्यायची?

मी इंदूरहून बोलते आहे. घर मराठी, पण शाळा हिंदी, बाजार हिंदी, नोकरीही बहुतेक हिंदीतच झाली. त्यामुळे बोलता बोलता मधेच एखादं हिंदी वाक्य आलं तर सांभाळून घ्या. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मंडळींना याची सवय असेलच.

एका राष्ट्रीयीकृत बँकेत मी तेहतीस वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली अठरा वर्षं कॅशच्या काउंटरवर. पुढे अधिकारी झाले, बडोदा झालं, बेळगाव झालं, परत इंदूरला आले. पण जिथे गेले तिथे रोकड आणि रोकड घेऊन येणारी माणसं यांच्याशी संबंध राहिला. नीतिमत्तेवर बोला असं या मालिकेच्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही तत्त्वज्ञानाची अभ्यासक नाही. कीर्तनकारही नाही. पण मग विचार केला की माणसं पैशाशी कशी वागतात हे अठरा वर्षं काचेच्या एका बाजूने बघितलं आहे, तेवढं तरी सांगता येईल. खून, दरोडा, मोठे घोटाळे यांच्याबद्दल मी बोलणार नाही. ते वर्तमानपत्रात येतं. मी एका लहानशा प्रश्नावर बोलणार आहे. तुमच्या हातात फाटकी नोट आली, तर ती तुम्ही कुणाला देता?

हसू नका. हा प्रश्न मी ओळखीच्या शंभर तरी माणसांना विचारला असेल. उत्तर द्यायला कुणालाच वेळ लागत नाही. याचा अर्थ, प्रत्येकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आधी काउंटरवरून काय दिसतं ते सांगते. शंभर नोटांची एक गड्डी असते. भरणा करायला आलेला माणूस गड्डी पुढे सरकवतो, सोबत स्लिप, स्लिपवर नोटांचा तपशील. कॅशियरची बोटं मोजत असतात, पण खरं म्हणजे बोटं वाचत असतात. फाटकी नोट गड्डीत कुठे सापडते सांगू? पहिल्या पाच-सात नोटांत कधीच नाही. शेवटच्या पाच-सातांतही नाही. ती असते साठाव्या-सत्तराव्या जागेवर, जिथे मोजणाऱ्याचा हात वेगात आलेला असतो. आणि तिची फाटकी बाजू आतल्या अंगाला, रबरबँडखाली असते. चिकटपट्टी लावली असेल तर ती बाजू खाली. हे सगळं आपोआप होत नाही. कुणीतरी घरी बसून, विचार करून, ती नोट तिथे ठेवलेली असते. जो माणूस ती ठेवतो तो चांगला असतो बरं का. मुलांच्या शाळेची फी वेळेवर भरणारा, आईवडिलांना सांभाळणारा, सणाला घरी पेढे पाठवणारा.

बँकेत ही युक्ती चालत नाही, कारण आमचं कामच ते आहे. मग ती नोट बाहेर जाते. आणि बाहेर ती कुठे जाते याचा एक ठरलेला उतार आहे. संध्याकाळी अंधारात भाजीवालीला. गर्दीच्या बसमध्ये कंडक्टरला. पेट्रोल पंपावरच्या पोराला, कारण मागे गाड्यांची रांग असते आणि त्याला उलटसुलट बघायला वेळ नसतो. दुकानात लहान मुलाच्या हाती पाठवून, म्हणजे दुकानदार मुलाला काही बोलणार नाही. आणि कुठेच चालली नाही तर देवळात.

दानपेटी उघडते तेव्हा मोजायला अनेक ठिकाणी बँकेची माणसं बोलावतात. मीही बऱ्याचदा गेले आहे. सतरंजीवर ढीग ओततात, आपण वेगवेगळं करत बसायचं. त्या ढिगात फाटक्या नोटांचं प्रमाण काउंटरपेक्षा कितीतरी जास्त असायचं. अर्धी जळलेली, तुकड्यांना तुकडे जोडलेली, चलनातून गेलेली नाणी, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेतलं जुनं खुळखुळं नाणं. माझ्याबरोबर मोजायला बसलेला शिपाई म्हणाला होता, "मॅडम, भगवान गिनते नहीं ना."

देव मोजत नाही. भाजीवालीला दिसत नाही. कंडक्टरला वेळ नाही. पोराला बोलता येत नाही. थोडक्यात, फाटकी नोट आपण अशा माणसाला देतो जो आपल्याला ती परत करू शकत नाही. सराफाकडे सोनं घ्यायला जाताना कुणी फाटकी नोट नेत नाही. डॉक्टरच्या फीमध्ये देत नाही. साहेबाच्या मुलीच्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटात तर नाहीच, तिथे कोरी करकरीत नोट शोधून आणतो. आम्हाला लग्नसराईत कोऱ्या नोटांसाठी किती फोन यायचे! म्हणजे नोटेची अवस्था बघून समोरच्याची समाजातली पायरी सांगता येईल इतकं हे पक्कं आहे.

आता त्या उताराच्या खालच्या टोकाला काय होतं ते बघू.

आमच्या शाखेच्या मागे भाजीबाजार होता. तिथली एक बाई, वय साठीच्या आसपास, महिन्यातून एकदा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दहा-वीस-पन्नासच्या फाटक्या नोटा घेऊन यायची. आधी कित्येक वर्षं ती बँकेत येतच नव्हती. बाजारात नव्या नोटांच्या माळा टांगून, टेबल टाकून बसलेले लोक तुम्ही पाहिले असतील. फाटकी नोट घेतात आणि काही कापून चांगली देतात. ती त्यांच्याकडे जायची. शंभराला दहा रुपये, नोट जास्त खराब असेल तर वीस. बँकेत हे काम फुकट होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय बँकेच्या काचेच्या दाराची तिला भीती वाटायची. एकदा आमच्या चहावाल्याने तिला हाताला धरून आणलं.

मी तिला विचारलं, "माँजी, नोट घेताना बघत नाही का तुम्ही?" ती म्हणाली, "दीदी, सब दिखता है. बोलूँ तो गिराक कल से सामने वाले के यहाँ जाएगा."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आपण समजतो तिला दिसलं नाही. आपण घरी येऊन सांगतो, "खपवली!" आणि तिला सगळं दिसलेलं असतं. तिने हिशोब केलेला असतो की हे दहा रुपये गेले तरी चालतील, गिऱ्हाईक जायला नको. आपल्या हुशारीची किंमत तिने उघड्या डोळ्यांनी भरलेली असते, आणि वर आपल्याला कोथिंबीरही दिलेली असते.

नोट बदलून देताना जी रक्कम कापतात तिला आपल्याकडे जुना शब्द आहे, बट्टा. झिजलेल्या नाण्यावर पूर्वी सराफ बट्टा घ्यायचे. हाच शब्द आपण दुसऱ्या अर्थानेही वापरतो, घराण्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो. मला नेहमी वाटतं, फाटक्या नोटेच्या व्यवहारात दोन्ही बट्टे असतात. पैशाचा बट्टा भाजीवाली भरते. दुसरा कुणाला लागतो ते तुम्ही ठरवा.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. या कामासाठी आपण कोणती क्रियापदं वापरतो बघा. नोट चालवली. नोट खपवली. नोट कटवली. त्याच्या गळ्यात मारली. यात कुठेही 'फसवलं' हा शब्द येत नाही. 'दिली' असंही म्हणत नाही, कारण दिली म्हटलं की कुणाला ते सांगावं लागतं. 'चालवली' म्हटलं की जणू नोट स्वतःच चालत गेली. घरात मुलं हे ऐकत असतात. सत्य बोलावं हे आपण त्यांना शिकवतो, आणि जेवताना हसत हसत सांगतो की आज ती पन्नासची एकदाची चालली.

आता याची दुसरी बाजू. मी जर म्हणाले की माणसं मुळातच लबाड असतात, तर ते खोटं होईल. काउंटरवर मी उलटंही पाहिलं आहे, आणि पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

माझ्या शेजारच्या काउंटरवर एक सहकारी होते. एकदा महिन्याच्या सुरुवातीच्या गर्दीत संध्याकाळी त्यांची कॅश दहा हजारांनी कमी आली. तुम्हाला माहीत नसेल, पण कमी आलेली रक्कम कॅशियरला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. जास्त आली तर मात्र ती त्याची नसते, बँकेच्या वेगळ्या खात्यात जमा होते. दहा हजार त्या काळी त्यांचा जवळजवळ महिन्याचा पगार. आम्ही सगळे पुन्हा पुन्हा मोजत होतो. साडेसहाला बाहेरचं शटर कुणीतरी वाजवलं. एक किराणा दुकानदार होता. पैसे काढून नेले होते, दुकानात मोजल्यावर एक गड्डी जास्त निघाली. तो म्हणाला, "साब, मुझे लगा आप अभी तक बैठे होंगे."

त्याने कायद्याचा विचार केला नव्हता, पकडले जाण्याचाही नाही. कोणाला पैसे गेले हे आम्हाला त्या दिवशी सिद्धही करता आलं नसतं. त्याच्या डोळ्यांपुढे आला तो एक माणूस, जो घरी न जाता बसून राहिला असेल.

२०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांमध्ये १७ हजारांहून जास्त पाकिटं 'सापडली' म्हणून नेऊन दिली. बँका, हॉटेलं, पोलीस ठाणी, नाट्यगृहं अशा ठिकाणी, काउंटरवरच्या माणसाच्या हातात. म्हणजे माझ्यासारख्यांच्याच हातात. त्यात भारतही होता. पाकीट पारदर्शक होतं. आत मालकाचा ई-मेल पत्ता, वाणसामानाची यादी, एक किल्ली. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत थोडे होते. पैसे असलेली पाकिटं कमी परत येतील असं सर्वसाधारण लोकांना वाटत होतं, आणि खरा निकाल अर्थतज्ज्ञांनाही ओळखता आला नव्हता. झालं उलटं. रिकाम्या पाकिटांपैकी साधारण ४० टक्के पाकिटांच्या मालकांशी लोकांनी संपर्क साधला, पैसे असलेल्यांच्या बाबतीत ५१ टक्के. तीन देशांत आणखी मोठी रक्कम ठेवून पाहिली, तर प्रमाण आणखी वाढलं. आणि किल्ली नसलेल्या पाकिटापेक्षा किल्ली असलेलं पाकीट जास्त परत आलं. किल्ली घेणाऱ्याच्या काहीच कामाची नसते. ती हरवली तर त्रास फक्त मालकाला होतो. लोकांनी तो त्रास मोजला.

हे वाचलं तेव्हा मला तो किराणा दुकानदार आठवला. आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली. तोच दुकानदार, दहा हजार परत करणारा, दर आठवड्याला भरणा करायला माझ्या काउंटरवर यायचा. आणि त्याच्या गड्डीत साठाव्या-सत्तराव्या जागेवर एखादी चिकटपट्टीची नोट हमखास असायची. मी ती काढून पुढे ठेवली की तो हसायचा. "मॅडम, वो तो चलता है."

एकच माणूस. दहा हजार परत करतो आणि वीस रुपयांची फाटकी नोट लपवून आणतो. वर्षानुवर्षं मला हे कोडं वाटत होतं. आता मला जे उत्तर सुचतं ते असं.

सापडलेले दहा हजार घेणं म्हणजे दुसऱ्याचं घेणं. ते घेतले तर आपण चोर, हे आपल्याला आतून स्पष्ट असतं. पाकीट ठेवून घेणाऱ्यालाही ते टोचत असणार. पण फाटकी नोट पुढे ढकलताना आपण काही घेत आहोत असं वाटतच नाही. आपलं नुकसान झालेलं असतं, आपण ते फक्त भरून काढत असतो. मन म्हणतं, "माझी काय चूक? मलाही कुणीतरी दिलीच ना?" मानसशास्त्राचे अभ्यासक डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं होतं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख आपल्याला बरंच जास्त वाटतं. त्याला मी माझ्या काउंटरवरची भर घालते. लाभाच्या वेळी जो प्रामाणिक असतो, तो तोट्याच्या वेळीही असेलच असं नाही. म्हणून माणसाची पारख करायची असेल तर त्याला सापडलेल्या पाकिटावरून करू नका. त्याच्या गळ्यात पडलेल्या नोटेवरून करा.

"मलाही कुणीतरी दिली" हे वाक्य खरं असतं, हीच त्यातली अडचण आहे. खोटं असतं तर सोडून देता आलं असतं.

आपल्या जुन्या कायद्याला हे वाक्य माहीत होतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बनावट नाण्यांबद्दल बरीच कलमं होती. त्यात २४१ वं कलम खास होतं. नाणं हातात आलं तेव्हा ते खोटं आहे हे ज्याला माहीत नव्हतं, पण नंतर कळलं आणि कळल्यावर ज्याने ते खरं म्हणून पुढे दिलं, अशा माणसासाठी. त्याला शिक्षा इतरांपेक्षा कमी होती, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नाण्याच्या किमतीच्या दहापटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या होत्या. एक, हा माणूस टाकसाळ घालून बसलेल्या गुन्हेगारासारखा नाही, तो आधी फसलेला आहे. आणि दोन, तरीही तो गुन्हेगार आहे. कारण कळल्याच्या क्षणापर्यंत तो फसवला गेलेला असतो, त्या क्षणानंतर तो फसवणारा होतो. मधे काही नसतं.

बनावट नोटांच्या बाबतीत कायदा इतका मऊ नाही. खोटी आहे हे माहीत असून नोट खरी म्हणून चालवली तर जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. आणि बँकेत खोटी नोट आली तर कॅशियरला ती परत देता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तिच्यावर शिक्का मारायचा, ती जप्त करायची, आणणाऱ्याला पावती द्यायची. भरपाई नाही. एका व्यवहारात पाच किंवा जास्त निघाल्या तर पोलिसांत गुन्हा नोंदवायचा. लोक हात जोडतात. "मॅडम, परत द्या, मी चालवतो कुठेतरी." अगदी उघडपणे म्हणतात. सुशिक्षित, निवृत्त, प्रतिष्ठित माणसं म्हणतात.

एकदा एक मजूर आला होता. बांधकामावरचा. गावी पैसे पाठवायचे होते, आठवड्याची मजुरी घेऊन आला होता. त्यात पाचशेची एक नोट खोटी निघाली. मी दोनदा बघितली, उजेडात धरली, साहेबांना दाखवली. खोटीच होती. मी शिक्का मारला. त्याला पावती दिली. तो ती पावती उलटसुलट बघत उभा राहिला, कारण त्याला वाटलं की ही पावती दाखवून कुठेतरी पाचशे मिळतील. मिळणार नाहीत हे मीच त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. उरलेल्या नोटा मोजल्या आणि तेवढेच पाठवले.

नियम बरोबर होता. ती नोट परत दिली असती तर ती अजून एखाद्या मजुराकडे गेली असती. पण त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. ही नोट छापणाऱ्यापासून या माणसापर्यंत किती हातांतून आली असेल? दहा? वीस? त्यातल्या बऱ्याच जणांना कळलंच नसेल. पण मधे कुणीतरी एक जण नक्की असा असेल ज्याला कळलं. कदाचित त्याच्याकडे घर होतं, गाडी होती, पाचशे रुपये गेले असते तर त्याचा एक दिवस वाईट गेला असता, बस. त्याने ती नोट मजुरीच्या पाकिटात घातली, कारण मजूर नोट उजेडात धरून बघत नाहीत. आणि घरी गेल्यावर तो म्हणाला असेल, "चालली."

८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस तुम्हाला आठवत असतील. पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या हिशोबाने देशातलं साधारण ८६ टक्के चलन. एका रात्रीत सगळ्या देशाच्या हातात अशी नोट आली जी कुणालाच नको होती. त्या निर्णयावर मी आज बोलणार नाही. माणसांबद्दल बोलते. आम्ही रात्री दहा-अकरापर्यंत बसत होतो. बाहेरच्या रांगेत मी खूप चांगुलपणा पाहिला. लोक म्हाताऱ्यांना पुढे सोडत होते, पाणी वाटत होते, अनोळखी माणसाचा फॉर्म भरून देत होते. आणि त्याच रांगेत तो जुना उतारही पाहिला. घरकामाच्या बायका यायच्या, हातात चार-चार महिन्यांचा आगाऊ पगार, सगळा जुन्या नोटांत. कधी नव्हे ती मालकीण इतकी उदार कशी झाली हे त्यांना समजत होतं. मजूर दुसऱ्यांचे पैसे घेऊन पुन्हा पुन्हा रांगेत उभे राहत होते, पुढे बोटाला शाई लावायचं ठरलं ते त्यामुळेच. ज्यांच्याकडे जास्त होतं त्यांचा त्रास ज्यांच्याकडे कमी होतं त्यांच्या पायांवर गेला, तासन्‌तास उभं राहण्याच्या रूपात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आता सगळं मोबाइलवर आहे. भाजीवालीकडेही तो डबा आहे जो पैसे आले की बोलतो. फाटक्या नोटा राहिल्या किती? खरं आहे. नोटा कमी झाल्या. पण निवृत्त झाल्यावर माझ्या लक्षात यायला लागलं की मी इतकी वर्षं फक्त कागदाच्या नोटांकडे बघत होते.

भाड्याचं घर सोडताना भिंतीतली ओल दिसू नये म्हणून तेवढ्यापुरता रंग मारणं. जुनी गाडी विकताना इंजिनाचा आवाज त्या दिवसापुरता दाबून घेणं. ज्या माणसाला आपल्या कार्यालयातून घालवायचं आहे त्याला उत्तम शिफारसपत्र देणं. या सगळ्या फाटक्या नोटाच आहेत. बाजू आत ठेवून, रबरबँडखाली.

आणि ज्या नोटांना पैशात किंमतच नाही त्यांचं काय? साहेब आपल्यावर ओरडतो. साहेबाला आपण परत ओरडू शकत नाही. मग ते घरी येतं. जेवणात मीठ जास्त झालं म्हणून बाहेर पडतं, नाहीतर मुलाच्या प्रगतिपुस्तकावर. मूल ते कुठे चालवणार? ते कुत्र्याला दगड मारतं.

कॉलेजात सीनियर मुलं नव्या मुलांचा छळ करतात. त्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली कडक नियम केले, तरी बातम्या थांबत नाहीत. त्या मुलांना विचारा, ठरलेलं उत्तर येतं, "आमच्यावरही झालं होतं." आणि आपल्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या फिरलेली सगळ्यांत जुनी फाटकी नोट म्हणजे सासूची. "आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य मी बडोद्यात गुजराथीत ऐकलं, बेळगावात कानडीत ऐकलं, इंदुरात हिंदीत आणि घरोघरी मराठीत ऐकलं. त्या बाईने खरंच सोसलेलं असतं. तिची काही चूक नव्हती. तिच्या हातात कुणीतरी ही नोट कोंबली. तिला ती परत करता आली नाही. मग जी परत करू शकत नाही अशी एक घरात आली.

इथेही क्रम तोच. नुकसान खरं, दुःख खरं, आणि ते खाली ढकललेलं.

मग करायचं काय? यावर माझ्याकडे मोठा उपदेश नाही. माझे सासरे देवासला लहानसं दुकान चालवायचे. त्यांच्या गल्ल्याशेजारी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असायचा. दुकानात आलेली खराब नोट त्या डब्यात जायची आणि पुन्हा गल्ल्यात येत नसे. महिन्याने ते बँकेत जायचे. ज्या बदलून मिळतील त्या मिळवायचे, ज्या मिळणार नाहीत त्या चोपडीत खर्ची टाकायचे. मी नवीन सून, बँकेत नोकरी करणारी. मी विचारलं, "बाबा, असं वर्षाला किती जातं?" ते म्हणाले, "उंदीर खातात त्यापेक्षा कमी जातं." एवढंच. त्यांना यात काही थोर वाटत नव्हतं. दुकान म्हटलं की थोडी घट येणारच, ती आपली आपण सोसायची, गिऱ्हाइकाच्या माथी मारायची नाही, असा त्यांचा धंद्याचा हिशोब होता.

पण मी एक गोष्ट आवर्जून सांगते. त्यांना ते परवडत होतं. त्या मजुराला ते परवडत नव्हतं. भाजीवालीने एखादी फाटकी नोट पुढे सरकवली तर तिला नीती शिकवायला मी जाणार नाही. नोट थांबवायची जबाबदारी सगळ्यांवर सारखी नाही. ज्याला वीस रुपये गेले तर कळणारही नाही, त्याने ती आधी थांबवायला हवी. रागाचंही तसंच. ज्याच्याकडे आधार आहे, मित्र आहेत, बोलायला माणूस आहे, त्याने तो आपल्यापाशी थांबवायला हवा. आणि आपल्यापैकी बहुतेकांना, हे भाषण मोबाइलवर ऐकू शकणाऱ्यांना, वीस रुपये परवडतात.

शेवटी थोडी कामाची माहिती देते, कारण ती नसल्यामुळेही पुष्कळ नोटा खाली जातात. फाटकी नोट कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत बदलून मिळते. तिथे तुमचं खातं असायची गरज नाही. मळकी, थोडी फाटलेली, किंवा दोन तुकडे झालेली पण दोन्ही तुकडे त्याच नोटेचे असलेली नोट पूर्ण किमतीला बदलता येते. तुकडा हरवलेला असेल तर वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा अखंड तुकडा असला की पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे. मुद्दाम फाडलेली असेल तर काही नाही. आणि दहा रुपयांची नाणी, रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेली, सगळी चालतात. चौदा वेगवेगळ्या नक्षीची नाणी वैध आहेत असं रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच स्पष्ट केलं आहे. कुणी घेत नाही म्हणून मी घेत नाही, आणि मी घेत नाही म्हणून कुणी घेत नाही, एवढीच त्या अफवेची गोष्ट आहे.

तुमच्या पाकिटाच्या मागच्या कप्प्यात एक नोट असेल. वेगळी काढून ठेवलेली, संधी मिळाली की देऊ अशी. ती या आठवड्यात बँकेत घेऊन जा. जाताना तुमच्या बाजारातल्या भाजीवालीला विचारा, तिच्याकडे किती साठल्या आहेत. तिच्याही घेऊन जा, आणि बट्टा न कापता तिला पैसे आणून द्या.